तळघर, बाजार आणि इमो

२२ मार्च २०१३ रोजी ‘माय केमिकल रोमान्स’ या बँडने आपण थांबत असल्याचे जाहीर केले आणि इमो संगीत संपले, असा निर्वाळा देऊन बहुतेक जण मोकळे झाले. काळे कपडे, एका डोळ्यावर ओढलेले केस, डोळ्यांत काजळ आणि मोडलेल्या मनाची गाणी ही दहाएक वर्षांची लाट ओसरली, असे सगळे धरून चालले. त्याच वर्षी कनेटिकटमधल्या ‘द वर्ल्ड इज अ ब्युटिफुल प्लेस अँड आय ॲम नो लाँगर अफ्रेड टू डाय’ अशा लांबलचक नावाच्या बँडचा ‘व्हेनेव्हर, इफ एव्हर’ आला. सेंट लुइसच्या ‘फॉक्सिंग’चा ‘द अल्बाट्रॉस’ आला. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या ‘द हॉटेलियर’चा ‘होम, लाइक नोप्लेस इज देअर’ आला. इमोच्या चाळीस वर्षांतल्या उत्तम कामांची यादी कुणी करायला घेतली, तर हे तिन्ही अल्बम तीत घ्यावेच लागतील. मृत्युलेख छापले जात होते तेव्हा हे संगीत ऐन भरात होते.

ही विसंगती समजून घेतल्याशिवाय इमोच्या पडझडीबद्दल किंवा पुनरुज्जीवनाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. माझे मत असे, की हे संगीत एका विशिष्ट अंतरावर जगते. गाणारा आणि ऐकणारा हातभर अंतरावर असले, मध्ये उंच मंच नसला, आज ऐकणारा उद्या स्वतः गायला उभा राहू शकत असला, की ते तगते. हे अंतर वाढले की सुरावट तीच राहते, शब्द तेच राहतात, पण गाण्याचा अर्थ पालटतो.

सुरुवातच पाहा. १९८०च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टन डीसीतल्या हार्डकोर पंकच्या कार्यक्रमांत गाण्यापेक्षा हाणामारी जास्त होऊ लागली होती. त्याला विटलेल्या काही मुलांनी १९८५च्या उन्हाळ्यात ठरवून वेगळी वाट धरली. त्या उन्हाळ्याला ती ‘रेव्होल्यूशन समर’ म्हणत. गाय पिचॉटो गात असे तो ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ हा त्यांतला मुख्य बँड. वेग आणि गोंगाट हार्डकोरचाच, पण गाणारा बाहेर बोट दाखवण्याऐवजी स्वतःच्या आत पाहत होता आणि जे दिसेल ते घसा फाटेपर्यंत सांगत होता. त्यांचा अल्बम ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ने काढला. इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८०मध्ये सुरू केलेल्या या लेबलने बँडशी कधी लेखी करार केले नाहीत. सगळा व्यवहार शब्दावर. याच मंडळींनी त्या उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर ढोल, डबे बडवून वर्णभेदाविरुद्ध निदर्शने केली. इमो म्हणजे स्वतःच्या दुःखात बुडालेल्या सुखवस्तू पोरांचे रडगाणे, हा आरोप पुढे फार झाला. ज्यांनी हे संगीत घडवले त्यांच्या लेखी मन मोकळे करणे आणि रस्त्यावर उतरणे यांत भांडण नव्हते, हे तो आरोप करणारे विसरतात. ‘इमो’ हे नावही त्यांनी घेतलेले नाही. ते बाहेरच्यांनी चिकटवले आणि मॅकायने ते चारचौघांत झिडकारले. तेव्हापासून आजपर्यंत हे नाव खुशीने मिरवणारे बँड विरळाच.

१९९०च्या दशकात हे लोण अमेरिकेच्या मध्यभागात पोचले. शिकागोच्या आसपासच्या पोरसवदा मुलांचा ‘कॅप्न जॅझ’ १९९५मध्ये एक अल्बम काढून फुटला आणि त्याच्या तुकड्यांतून अर्धा डझन बँड उभे राहिले. त्यांतल्या एकाकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण इमोची सगळी गोष्ट त्यात आहे.

इलिनॉय विद्यापीठात शिकणाऱ्या तिघांनी, माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स आणि स्टीव्ह लेमोस यांनी, १९९९मध्ये ‘अमेरिकन फुटबॉल’ नावाने त्याच नावाचा एक अल्बम केला. ध्वनिमुद्रण काही दिवसांत उरकले. शिक्षण संपत आले होते, पांगण्याची वेळ झाली होती, आणि अल्बम बाजारात येईतो बँड जवळपास संपलेलाच होता. मुखपृष्ठावर अर्बाना गावातले एक साधे पांढरे घर, वरच्या मजल्यावर एका खिडकीत दिवा. आत जे वाजते त्यात हार्डकोरचा आरडाओरडा उरलेला नाही. पहिल्याच गाण्यात गिटारच्या सहा तारा नेहमीच्या पट्टीतून सोडवून एफ, ए, सी, जी, सी, ई अशा लावलेल्या आहेत. अशा लावल्या की मोकळ्या तारा छेडल्या तरी गोड पण पुरता न मिटलेला स्वरमेळ उमटतो. दोन गिटार एकमेकींच्या मागे-पुढे चालतात, ताल मध्येच एखादी मात्रा गिळतो, कानाला सम सापडते आणि लगेच हातची जाते. ड्रम वाजवणारा लेमोसच काही ठिकाणी ट्रंपेट हाती घेतो. गाणारा तर असा गातो, की आपण चुकून दाराबाहेर उभे राहून ऐकतो आहोत. उन्हाळ्याच्या सुटीत तुटणारे नाते, यापलीकडे विषय फारसा नाही. पण निरोप घेताना माणसाला नेमके शब्द सापडत नाहीत, ही अवस्था या संगीताच्या बांधणीतच उतरली आहे. गाणी सुरेल आहेत आणि तरी पूर्ण होत नाहीत. मला विसाव्या शतकाच्या अखेरच्या रॉकमधला हा एक मोठा शोध वाटतो.

या अल्बमची जाहिरात करायला बँडच उरला नव्हता. तो एका वसतिगृहातून दुसऱ्या वसतिगृहात, मित्राने मित्राला करून दिलेल्या प्रतींतून फिरत राहिला. २०१४मध्ये ‘पॉलिव्हिनाइल’ या लेबलने त्याची नवी आवृत्ती काढली, तिघे पुन्हा एकत्र आले आणि न्यूयॉर्कच्या वेबस्टर हॉलमध्ये त्यांना ऐकायला दाटी झाली. मधल्या पंधरा वर्षांत त्यांच्यासाठी काम केले ते निव्वळ हस्ते-परहस्ते पोचलेल्या प्रेमाने.

त्याच पंधरा वर्षांत दुसरीकडे बाजाराची कथा घडत होती. न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक या विद्यापीठाच्या गावात जेफ रिकली आपल्या घराच्या तळघरात कार्यक्रम करत असे. त्याचा ‘थर्सडे’ हा बँड २००१च्या ‘फुल कोलॅप्स’ने नावारूपाला आला. त्याच रिकलीने २००२मध्ये ‘माय केमिकल रोमान्स’च्या पहिल्या अल्बमच्या निर्मितीची धुरा सांभाळली. २००६मध्ये ‘द ब्लॅक परेड’ आला तेव्हा तो बँड जगभरातली मोठी मैदाने भरवत होता. तळघर ते मैदान हे अंतर अवघ्या चार-पाच वर्षांत कापले गेले. मी ‘द ब्लॅक परेड’ला हिणवणाऱ्यांपैकी नाही. मरणाच्या दारातल्या माणसाची गोष्ट सांगणारे ते भव्य, नाटकी आणि मनापासून केलेले काम आहे. ते ऐकून कितीतरी एकाकी मुलांना आधार वाटला, आणि हा आधार खरा होता.

पण मोठ्या कंपन्यांना एका कलाकृतीत रस नसतो, त्यांना पुन्हा पुन्हा विकता येईल असा साचा हवा असतो. मॉलमधल्या दुकानांत पट्टे, बिल्ले, काळे टी-शर्ट लागले. मायस्पेस हे संकेतस्थळ २००५मध्ये रुपर्ट मरडॉकच्या न्यूज कॉर्पने ५८ कोटी डॉलरना घेतले, आणि तिथल्या कोवळ्या मुलांच्या आवडीनिवडी जाहिरातदारांसमोर मांडल्या गेल्या. पाचवा, सहावा, दहावा बँड पहिल्यासारखाच दिसू आणि वाजू लागला. खोलीतल्या ओळखीच्या माणसांपुढे मन उघडे करणे ही जोखीम असते. वीस हजार अनोळखी माणसांपुढे रोज रात्री त्याच जागी तोच हुंदका देणे ही नोकरी होते. गाणाऱ्यांची चूक काढण्यासाठी मी हे म्हणत नाही. कुणीही माणूस हे फार काळ निभावू शकत नाही.

साच्याची किंमत मात्र भलत्यांनीच मोजली. मार्च २००८मध्ये मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात जमावाने इमो दिसणाऱ्या मुलांना शोधून शोधून मारले आणि हे लोण मेक्सिको सिटीपर्यंत गेले. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘डेली मेल’ने इमोला आत्महत्येचा पंथ ठरवल्याच्या निषेधार्थ चाहते त्या दैनिकाच्या कचेरीसमोर जमले. २०१२च्या सुरुवातीला बगदादमध्ये इमो म्हणून शिक्का बसलेल्या तरुणांच्या हत्या झाल्या. केस वाढवले, पँट घट्ट घातली, एवढ्यावरून जीव गेले. संगीत वेशभूषेपुरते उरले की ते न ऐकताच त्याचा द्वेष करता येतो.

अर्थात तळघरातही सगळे निर्मळ होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २००३मध्ये जेसिका हॉपर या समीक्षिकेने ‘पंक प्लॅनेट’ या नियतकालिकात लेख लिहून विचारले होते, की या संगीतात मुली आहेत कुठे? मंचावर मुलगे, गाणी मुलग्यांच्या दुखावलेपणाची, आणि मुलगी फक्त सोडून गेलेली, दगा दिलेली, बिनचेहऱ्याची. हा प्रश्न बिनतोड होता आणि तो दीर्घकाळ कानांआड केला गेला. २०१७मध्ये या पिढीतल्या एका लोकप्रिय गायकावर अल्पवयीन चाहत्यांशी केलेल्या गैरवर्तनाचे आरोप झाले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. हॉपरचा लेख नीट वाचला असता तर तो बसला नसता. जवळीक हे इमोचे बळ, पण जवळिकीचा गैरफायदा घेणेही तितकेच सोपे असते.

म्हणून २००८च्या आसपास सुरू झालेल्या पुनरुज्जीवनाकडे मी नुसते सुरांचे पुनरागमन म्हणून पाहत नाही. फिलाडेल्फियाजवळच्या ‘अल्जर्नन कॅडवॉलडर’ने ‘सम काइंड ऑफ कॅडवॉलडर’ काढला तेव्हा त्यात ‘कॅप्न जॅझ’चा बेभान आवाज आणि किणकिणत्या गिटारी उघड ऐकू येत होत्या. उसनवारी लपवण्याचा प्रयत्नही नव्हता. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही मुले तळघरात परतली. पश्चिम फिलाडेल्फियातली जुनी, एकाला एक लागून असलेली घरे तेव्हा विद्यार्थ्यांना मिळून परवडत. कार्यक्रमाच्या फलकावर घराचा पत्ता नसे, ‘एखाद्या पंकवाल्याला विचारा’ एवढीच सूचना. अरुंद जिन्याने खाली उतरायचे. तिथे पाणी तापवायचा बंब, कपडे धुण्याचे यंत्र, डोक्याला लागेल इतके खाली आलेले पाइप, एकाच प्लगातून काढलेल्या चार वायरी. मायक्रोफोन गाणाऱ्याच्या हातात कमी आणि समोरच्यांच्या तोंडाशी जास्त. शेवटी बरणी फिरायची आणि तीत जमेल ते परगावाहून आलेल्या बँडच्या पेट्रोलला. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले होते, बँडकॅम्प या संकेतस्थळावर गाणे चढवायला कुणाची परवानगी लागत नव्हती आणि ‘काउंट युअर लकी स्टार्स’, ‘टॉपशेल्फ’, ‘रन फॉर कव्हर’ यांसारखी छोटी लेबले शे-पाचशे प्रतींच्या हिशेबाने चालत होती. ‘मॉडर्न बेसबॉल’ ड्रेक्सेल विद्यापीठातल्या अशाच मुलांमधून पुढे आला. २०१७च्या आरंभी त्यांनी दौरा रद्द केला आणि मानसिक आरोग्यासाठी थांबतो आहोत, असे सरळ सांगितले. आधीच्या पिढीतले बँड असे उघड बोलत नसत.

ज्या आवाजांना पूर्वी जागा नव्हती ते आता येऊन बसले आहेत, हा मला या पुनरुज्जीवनाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. फ्लोरिडाच्या ‘होम इज व्हेअर’चे २०२१चे ‘आय बिकेम बर्ड्स’ ऐकावे. ट्रान्स स्त्रीच्या तोंडून शरीर, लाज आणि सुटका यांबद्दल ऐकताना इमोची जुनी भाषा नव्याने कळते. त्याच वर्षी सोलमधल्या ‘परानूल’ हे नाव घेतलेल्या निनावी विद्यार्थ्याने घरच्या संगणकावर केलेला अल्बम बँडकॅम्पवर टाकला आणि तो जगभर ऐकला गेला.

२०२२मध्ये लास व्हेगासला ‘व्हेन वी वेअर यंग’ नावाचा महोत्सव झाला, पुन्हा एकत्र आलेले ‘माय केमिकल रोमान्स’ त्यात अग्रस्थानी होते आणि त्यालाच इमोचे पुनरागमन म्हणण्याचा प्रघात पडला आहे. जुन्या आठवणींसाठी तिकीट काढणाऱ्यांचा आनंद मला समजतो. पण तिथे काही नवे जन्मले नाही.

खरी चिंता वेगळी आहे. डिसेंबर २०१६मध्ये ओकलंडच्या ‘घोस्ट शिप’ गोदामात कार्यक्रम चालू असताना आग लागून ३६ जण दगावले. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक शहरांनी अशा अनौपचारिक जागांना टाळे लावले. सुरक्षेचा आग्रह रास्तच होता, पण सुरक्षित आणि स्वस्त अशी पर्यायी जागा द्यायला फारसे कुणी पुढे आले नाही. घरभाडी वाढतच आहेत. संगणकावरचे तळघरही भाड्याचेच आहे: बँडकॅम्प २०२२मध्ये एपिक गेम्सला विकले गेले, पुढच्याच वर्षी साँगट्रेडरकडे गेले आणि निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. मायस्पेसने २०१९मध्ये कबूल केले, की २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेली गाणी आपल्याकडून नष्ट झाली. १ कोटी ४० लाख कलाकारांची ५ कोटींहून अधिक गाणी होती ती. त्यांत कितीतरी तळघरांतले बँड असणार, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. २०२३मध्ये ‘अमेरिकन फुटबॉल’ आणि ‘पॉलिव्हिनाइल’ यांनी आणखी काही जणांसह अर्बानाचे ते पांढरे घर विकत घेतले, त्यामागची निकड या पार्श्वभूमीवर कळते.

तेव्हा ज्यांना हे संगीत मनापासून आवडते त्यांना माझी एक विनंती आहे. स्ट्रीमिंगवर ऐकून थांबू नका. आवडलेल्या बँडचा अल्बम त्याच्याकडून विकत घ्या, फायली स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवा, आणि त्या बँडबद्दल निदान एका माणसाला सांगा.