बांधावरची वाट

वाटेचा तंटा गावाला नवा नाही. सख्खे शेजारी बोलेनासे होतात, तालुक्याला हेलपाटे घालतात, आणि मुळाशी पाहावे तर भांडण असते चार हात जमिनीचे. तेव्हा विचार असा की, जी जमीन माझी आहे तिच्यावरून दुसऱ्याला जाऊ देणे हे माझे कर्तव्य, की केवळ उपकार? मी हा प्रश्न माझ्याच चुकीवरून मांडतो. दुसऱ्याच्या चुका सांगणे फार सोपे असते.

माझे रान सडकेला लागून, शेजाऱ्याचे माझ्या पाठीमागे. वडिलांच्या वेळेपासून त्यांची बैलगाडी आमच्या बांधाकडेने सहा फुटी वाटेने जाई. पुढे त्यांच्याकडे ट्रॅक्टर आला. ट्रॉलीचे चाक माझ्या पिकात जाऊ लागले. दोनदा सांगून पाहिले. तिसऱ्यांदा मी वाटेत बोरीच्या काट्या ओढल्या. त्यांचा ऊस तुटलेला होता. तुटलेला ऊस पडून राहिला की वजन घटते, साखर उतरते. त्यांची माणसे मोळ्या डोक्यावर घेऊन काट्यांना वळसा घालून सडकेला नेऊ लागली.

संध्याकाळी त्याची आई माझ्या ओसरीवर आली. भांडायला नव्हे. म्हणाली, "तात्या, आषाढात वाटंत भेटंल त्याला माउली म्हणून वाकताय, अन् आमच्या वाटंवर काट्या टाकताय? पोराचं चुकलं आसंल तर सांगा. पण आमी जायाचं कुठनं, त्येबी सांगा."

मला उत्तर सुचले नाही.

आता कोणी शंका घेईल की, "सातबारा माझ्या नावचा, मग माझ्या रानातून जाणारा तो कोण?" याचे समाधान असे. माझ्या रानाला पाण्याचा पाट येतो तो वरच्या तिघांच्या रानांतून. त्यांनीही असेच म्हटले तर माझा सातबारा घेऊन मी काय करू? मालकी ही आपले रान कसण्यासाठी आहे, दुसऱ्याचे रान कोंडून पडीक पाडण्यासाठी नव्हे. कायद्यालाही हे मान्य आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार दुसऱ्याच्या हद्दीवरून शेतात जाण्याच्या वाटेचा निर्णय देऊ शकतो. चालू वाट कोणी अडविली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. म्हणजे माझ्या काट्या न्यायासमोर टिकल्या असत्या असे नाही.

दुसरी शंका याहून खरी आहे. "आज गाडी, उद्या ट्रॅक्टर, परवा ट्रक. दया करावी आणि तीच गळ्याशी यावी!" ही भीती खोटी नाही. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेली वाट हक्काची होते. परवानगीने वापरलेली होत नाही. शिवाय हक्क मिळतो तो वहिवाटीपुरताच. आमची वाट हक्काची की वडिलांच्या मर्जीची, हे सांगणारे दोघेही आता राहिले नाहीत. कागद नव्हता. म्हणून सांगतो, लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास नव्हे. आपल्या माघारी मुलांनी भांडू नये म्हणून केलेली ती सोय आहे.

दुसऱ्या दिवशी मी काट्या काढल्या, आणि आम्ही दोघे टेप घेऊन बांधावर गेलो. ट्रॉलीला दहा फूट लागत होते, म्हणजे चार फूट जास्त. लांबी सहाशे फूट. हिशेब केला तर चोवीसशे चौरस फूट, म्हणजे सुमारे सव्वादोन गुंठे. एवढ्यासाठी मी शेजार मोडायला निघालो होतो! पण सव्वादोन गुंठे म्हणजे काहीच नव्हे असेही नाही. त्यात पीक येते. तेव्हा त्याने मान्य केले की मुरूम तो टाकील, माझ्या पाटाचे पाणी तुंबू नये म्हणून वाटेखाली नळा घालील, आणि पावसात चिखल असता जड वाहन आणणार नाही. मी मान्य केले की वाट कधी अडविणार नाही. तक्रार असली तर आधी त्याच्या घरी जाईन. हे लिहिले, नकाशा काढला, दोघांनी सह्या केल्या. त्याची आई म्हणाली, "माजा बी आंगठा घ्या." घेतला.

यातून मला कळले ते इतकेच. वाट मागणाऱ्याने आपली गरज मोजून सांगावी, आणि मिळालेल्या वाटेबाहेर चाक जाऊ देऊ नये. देणाऱ्याने आपले नुकसान मोजून सांगावे, रागाने फुगवून सांगू नये. दोन्ही मापे समोर आली की भांडायला फारसे उरत नाही. जे उरते तो अभिमान. तो मात्र कोणत्याही टेपाने मोजता येत नाही. ज्याचा त्यानेच सोडावा लागतो.

त्याचा ऊस त्या साली दोन दिवस उशिरा गेला. ते नुकसान मी भरून दिले नाही, त्यानेही मागितले नाही. त्याच्या ट्रॉलीला वाट देताना ते मला अजून आठवते.