अपरिचित कर्म आणि स्वधर्म

मनाजोगते काम मिळाले नाही म्हणून जीवनात समाधान नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. परधर्म भयकारक आहे, हे तिसऱ्या अध्यायातील वचन पुढे करून पुष्कळजण कष्टाच्या, अनोळखी कामापासून दूर राहतात. परंतु स्वधर्म म्हणजे स्वतःची आवड नव्हे. आवड ही बहुधा सवयीचीच छाया असते. खरा त्यागी अप्रिय कर्माचा द्वेष करीत नाही आणि प्रिय कर्मात गुंतत नाही, असे अठराव्या अध्यायाचा १० वा श्लोक सांगतो.

कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला मिळावे, म्हणून त्यांनी उपोषण केले. ग्रंथांत रमलेल्या त्या पुरुषाला जीवितकार्य गवसले ते या कामात. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून त्यांनी मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासांचा प्रसार केला.

येथे एक विवेक अवश्य राखावा. जन्मावरून दुसऱ्यावर लादलेले कष्ट हे तप नव्हे, तो अधर्मच होय. जे आपण होऊन स्वीकारले आणि ज्याने दुसऱ्याचा भार हलका झाला, तेच तप.

म्हणून अवघड काम समोर आले असता गृहस्थाने स्वतःला विचारावे : मी मागे सरतो तो ते अयोग्य आहे म्हणून, की देहाला कष्ट होतील म्हणून? कष्टाच्या भयाने केलेल्या त्यागाला गीता राजस म्हणते; त्यातून त्यागाचे फळ लाभत नाही. मग समाधान तरी कोठून लाभावे?