मोडलेला शब्द आणि मजुराचा दिवस

भाताची झोडणी आटोपली कीं जव्हारकडील साखरशेतासारख्या गांवांतून कित्येक कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर वा बांधकामांवर जावयास निघतात. आदल्या रात्रीं ‘काम रहित झालें’ असा निरोप आला, तर त्यांचें काय बुडालें? मजुरी, असें आपण चटकन म्हणूं. परंतु त्या शब्दाच्या भरंवशावर त्यांनीं दुसरीं कामें नाकारलेलीं असतात. तीं कोणाच्या हिशेबांत येतात? १८७२ च्या करार कायद्याचें ७३ वें कलम वचनभंगाची भरपाई देऊं करितें खरें. पण चार दिवसांच्या मजुरीसाठीं कोर्टाची पायरी कोण चढणार? उलट, मजुरानें उचल घेतली असली म्हणजे त्याचा शब्द मात्र फिरतां कामा नये! कर्जापोटीं माणूस बांधून ठेवण्यास १९७६ च्या कायद्यानें बंदी केली, ती उगीच नव्हे.

काम देणाराची अडचणही खरी असूं शकेल. मार्च २०२० ची टाळेबंदी कांहीं त्यानें आणिली नव्हती. मान्य, पण अडचण दोघांची असतां तोटा एकट्यानेंच कां सोसावा? घर घेणारा विसार देतो, आणि माघार घेतल्यास तो बुडाला असें मुकाट्यानें समजतो. मजुराच्या दिवसासही तसा विसार असावा, असें मला वाटतें: उचलीसारखा फेडावयाचा नव्हे, तर काम मोडल्यास त्याच्यापाशींच राहणारा; निदान एका दिवसाच्या मजुरीइतका.