जाता जाता श्रीरंगपट्टण

बंगळूरहून म्हैसूरला एका दिवसात जाऊन यायचं ठरलं की घरात यादी सुरू होते: राजवाडा, चामुंडी, वृंदावन, आणि जाता जाता श्रीरंगपट्टण. हे ‘जाता जाता’ मला खटकतं. २०२३ मध्ये नवा महामार्ग सुरू झाला, प्रवासाचा वेळ निम्म्यावर आला. वाचलेल्या वेळात आपण आणखी दोन ठिकाणं कोंबतो!

श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी टिपूचा बागेतला महाल आहे, दर्या दौलत. १७८४ साली बांधलेला, सगळं सागवानी काम. बाहेरच्या भिंतीवर इंग्रजांशी झालेली १७८० ची पोल्लिलूरची लढाई रंगवली आहे. चौफेर घोडेस्वार, आणि मधोमध पालखीत इंग्रजांचा जखमी कर्नल बेली, तोंडात बोट घालून बसलेला. ते बोट सापडायलाच दहा मिनिटं लागतात. इंग्रजांनी घातलेल्या १७९२ च्या वेढ्यात त्यांच्या बाजूने हरिपंत फडक्यांची मराठी फौज इथवर आली होती. टिपू पडल्यावर आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लू जिंकणारा, याच महालात राहिला.

बसवाला इथे जेमतेम अर्धा तास देतो. तेव्हा पुढच्या रविवारी यादीतली दोन नावं खोडा, आणि सकाळची वेळ या बागेला द्या.