गाडीच्या पाठीवरचा थर

गोव्यात डिचोलीहून अस्नोड्याकडे जाणारा रस्ता मुळगावातून जातो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत त्या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. समोरून येणारी पांढरी गाडी पांढरीच दिसते आणि पुढे निघून गेली की तिची पाठ तांबडी दिसते. मागची काच, डिकीचं दार, नंबरप्लेट, दिवे, सगळ्यांवर एकसारखा थर. गाडी धुळीत शिरते ती तोंडाने. मग धूळ पाठीवर का बसते?

उत्तर हवेपाशी आहे. चालत्या गाडीला समोरची हवा सतत बाजूला सारावी लागते. ही हवा बोनेटवरून, काचेवरून, छपरावरून आणि दोन्ही दारांना घासून मागे सरकते. तिच्यातले अगदी बारीक कण इतके हलके असतात की हवा वळली की तेही वळतात. समोरच्या काचेवर येऊन आदळतात ते किडे आणि पावसाचे थेंब, कारण त्यांना वेळेवर वळता येत नाही. छप्पर संपतं तिथे मात्र वेगळं घडतं. वेगात आलेली हवा मागच्या दाराला धरून काटकोनात खाली उतरू शकत नाही. ती छपराची कड सोडून सरळ निघून जाते आणि गाडीच्या पाठीशी कमी दाबाची एक पोकळी उरते. ती भरायला खालची आणि बाजूची हवा आत ओढली जाते आणि तिथेच गरगरत राहते. वाळवंटी नदीच्या पात्रात मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाला सुकी पानं गोल फिरत अडकून पडतात, तशीच ही पोकळी धूळ अडकवून ठेवते.

पृष्ठभागाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर आपला वेग कसा गमावतो आणि शेवटी पृष्ठभाग कसा सोडतो, हे लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये मांडलं. पुढे १९८४ मध्ये अहमद, राम आणि फाल्टिन या तिघांनी मोटारीची अगदी साधी, ठोकळ्यासारखी प्रतिकृती घेऊन मागच्या उताराचे वेगवेगळे कोन तपासले. उतार साधारण ३० अंशांपर्यंत असेल तर हवा त्याला कशीबशी धरून राहते. त्याहून तीव्र झाला की ती उतार सोडूनच देते. सेडानची मागची काच तिरपी असल्यामुळे हवा तिच्यावरून बऱ्यापैकी सरकत जाते आणि काच त्यामानाने स्वच्छ राहते. हॅचबॅकचं मागचं दार जवळजवळ उभं, म्हणून ते आधी माखतं. बऱ्याच हॅचबॅकना मागे वायपर असतो आणि बहुतेक सेडानना नसतो, त्यामागे हेच आहे.

ज्याला हे डोळ्यांनी पाहायचं असेल त्याने मागच्या दारावर लोकरीचे बोटभर लांबीचे धागे वरच्या टोकाशी चिकटपट्टीने लावावेत, आणि रहदारी नसलेल्या रस्त्यावर मागच्या गाडीत बसलेल्या सोबत्याला त्यांच्याकडे बघत राहायला सांगावं. गाडीने वेग धरला की वाऱ्याने मागे उडावेत असे वाटणारे धागे दारालाच चिकटतात, थरथरतात आणि खालून वर वळू लागतात. विमान आणि मोटार तयार करणारे अभियंतेही धाग्यांची ही चाचणी करत आले आहेत.

एवढं कळलं की थर कुठून आला आणि गाडीत काही बिघाड आहे का, याचा शोध सोपा होतो. पाठीवर थर बसला म्हणजे बिघाड पाठीमागेच आहे, असं मानता येत नाही. ती पोकळी कुणाचाही माल घेते: पुढच्या ट्रकने उडवलेली धूळ, आपल्याच मागच्या टायरांनी उचललेली माती, आपल्याच सायलेन्सरचा धूर, इंजिनाखाली गळून गाडीच्या पोटावरून मागे वाहत आलेलं तेल. सगळे एकाच जागी येऊन बसतात. म्हणून नुसती जागा पुरेसं सांगत नाही. थर कशाचा आहे आणि तो त्या पोकळीपर्यंत कोणत्या वाटेने आला, एवढंच विचारायचं.

त्यासाठी पांढरं ओलं फडकं पुरतं. गाडी आधी स्वच्छ धुवावी, नेहमीच्या रस्त्यावर दोन-तीन दिवस चालवावी आणि मग पुसून बघावं. कोरडी काजळी निघाली, बोटावर भुकटीसारखी, आणि सायलेन्सरच्या बाजूला जास्त दिसली, तर इंजिनात इंधन नीट जळत नाही. पेट्रोल गाडीत इंधन जास्त आणि हवा कमी पडत असेल; आधी एअर फिल्टर बघावा, मुळगावासारख्या ठिकाणी तो कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आतच तुंबतो. डिझेल गाडीत एअर फिल्टरबरोबर इंजेक्टरही तपासायला हवा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर सायलेन्सरच्या वाटेत बसवलेला असतो, त्यामुळे अशा गाडीच्या नळीचं तोंड आतून काळंकुट्ट असणं हीच तक्रार समजावी. थर चिकट निघाला, पाण्याने सुटत नाही पण रॉकेलने सुटतो, तर तेल आहे. मग दोन वाटा राहतात. नळीच्या आत बोट फिरवून तेलकट लागलं आणि उतार उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना निळसर धूर दिसला, तर इंजिन तेल जाळतंय. नळी कोरडी असेल तर तेल बाहेरून गळतंय. जुने मेकॅनिक संशयाची जागा पुसून तिच्यावर टाल्कम पावडर मारतात आणि इंजिन चालू ठेवतात. पावडरीवर ओली रेघ उमटते ती थेट गळतीच्या उगमाकडे नेते. मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली तर मात्र काही दिवस बघू म्हणून थांबू नये. शॉक ॲब्सॉर्बर गळत असेल तर ठीक, पण ते ब्रेकचं ऑइल असू शकतं.

मुळगावातल्या बहुतेक गाड्यांवर यांतलं काहीच निघत नाही. फडकं तांबडं होतं. इथे शोध गाडीतून बाहेर पडून गावात येतो. डिचोली, शिरगाव, मये आणि मुळगाव हा सगळा लोहखनिजाचा खाणपट्टा आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोली पट्ट्यात काम परत सुरू झालं. खनिजवाहू ट्रकांची धूळ ही या पट्ट्यातली जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. शेतात, विहिरीत आणि घरात जे येतं त्याचाच एक वाटा मोटारीच्या पाठीवर दिसतो.

तरी तांबडा थर दाखवून कुणी म्हणालं की ही खाणीचीच धूळ, तर गाडी एकटी ते सिद्ध करू शकत नाही. आपली मातीच जांभ्याची, तिच्यात लोखंडाचे तेच ऑक्साइड असतात जे खनिजात असतात. साधं चुंबक फिरवूनही फरक कळत नाही. इथलं खनिज मुख्यतः हेमॅटाइट, आणि चुंबक त्याला जवळजवळ ओढत नाही. चुंबकाला पटकन चिकटलं तर ते ब्रेकच्या डिस्कमधून झिजलेलं लोखंड असण्याचा संभव जास्त. रंगाकडे बघून वाद घालण्यापेक्षा वाटेकडे बघणं उपयोगाचं. एकच गाडी, एकच रस्ता, एकच वेग. ट्रक चालू असलेल्या दिवशी किती थर बसला आणि ते बंद असलेल्या दिवशी किती, दोन्ही वेळा दाराचा तोच तळहाताएवढा भाग पांढऱ्या ओल्या कापडाने पुसून कापड जपून ठेवायचं, वर तारीख लिहायची. पाऊस पडून गेलेला दिवस त्यात धरायचा नाही. अशी कापडं गावातल्या काही घरांनी ठेवली तर ग्रामसभेत बोलणाऱ्याच्या हातात काहीतरी असेल. ट्रकवर ताडपत्री नीट बांधली जाते का, चाकं धुतली जातात का, रस्त्यावर पाणी मारलं जातं का, या मागण्यांना अशा नोंदींचा आधार मिळतो. हवेतले कण मोजणारी यंत्रं लावायला लावणं हा त्याचा पुढचा टप्पा.

थर पुसण्याबद्दल एकच सांगतो. सुक्या फडक्याने पुसू नये. हेमॅटाइट आणि वाळूतलं क्वार्ट्झ दोन्ही रंगाच्या वरच्या पारदर्शक लेपापेक्षा कितीतरी कठीण आहेत. कोरडं घासलं की बारीक ओरखड्यांची जाळी उमटते. आधी पाणी सोडून धूळ वाहू द्यावी, मग साबण. मागचे दिवे आणि रिव्हर्स कॅमेऱ्याची काच रोज पुसावी, कारण संध्याकाळी धुळीत मागून स्कूटरवर येणाऱ्याला आपला ब्रेकलाइट दिसायला हवा.

हे सगळं धुळीचं झालं. धूळ निदान दिसते. त्याच पोकळीत सायलेन्सरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइडही फिरत असतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. दार बंद असेल तोवर तो बाहेर राहतो. डिकी उघडी ठेवून गाडी चालवली की तीच ओढ धूर थेट आत आणते. चतुर्थीला चित्रशाळेतून गणपतीची मोठी मूर्ती आणताना, तिच्यावर टांगायच्या माटोळीचं सामान भरताना किंवा कपाट हलवताना डिकी दोरीने अर्धवट बांधून निघण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि मूर्ती सांभाळायला मागे बसतात ती बहुधा मुलं. अशा सामानाला पिकअप सांगावा. ते शक्यच नसेल तर पुढच्या काचा पूर्ण उघडाव्यात, पंखा जोरात आणि बाहेरची हवा घेण्यावर ठेवावा, अंतर अगदी थोडं असावं, आणि मुलांना दुसऱ्या गाडीत बसवावं.