भिजलेलें बीं आणि धीराचा उपदेश

पौष महिना लागला, कीं आमच्या वऱ्हाडांत कपाशीची वेचणी चालू असतांनाच कांहीं घरीं दुसरी एक लगबग सुरू होते. विहिरीला थोडें पाणी राहिलेलें असतें. त्यावर उन्हाळी भेदरें घ्यावयाचीं असतात. शहरांत ज्यांना टोमॅटो म्हणतात तींच हीं. दक्षिण अमेरिकेंत जन्मलेलें आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या देशांत आलेलें हें फळ आमच्याकडे इतकें घरचें झालें, कीं त्याला आमच्या बोलींतलें नांवही मिळालें. रोपांसाठीं गादीवाफा करून बीं टाकतात आणि मग वाट पाहणें सुरू होतें. दुसऱ्याला वाट पाहावयास सांगण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न अशाच एका वाफ्यानें आमच्यापुढें उभा केला. तो अद्याप सुटलेला नाहीं, म्हणून वाचकांपुढें ठेवितों.

भेदऱ्याचें बीं ऊबेचें लोभी आहे. माती २५ ते ३० अंश सेल्सियस असली तर सहाव्या दिवशीं कोंब दिसूं लागतो. २० अंशांवर आठ दिवस लागतात, १५ अंशांवर दोन आठवडे, आणि १० अंशांवर सुमारें सहा आठवडे. अमरावतीकडे ह्या दिवसांत दुपार उबदार असते; पण सातपुड्यावरून वारा सुटला, कीं रात्रीं पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. साडेतीन हजार फुटांहून उंच असलेल्या चिखलदऱ्याची गोष्ट तर सोडूनच द्यावी. दिवाळीच्या सुमारास आठवड्यांत वर येणारें बीं पौषांत पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवीत नाहीं. थंडी सरेपर्यंत थांबावें म्हटलें, तर पुढें उन्हाळा दारांत उभा. रोप लावण्याजोगें होण्यास चार-पांच आठवडे, त्यानंतर फुलावर येण्यास आणखी महिनाभर. आणि दिवस ३५ अंशांपलीकडे तापूं लागले व रात्रीही निवेनाशा झाल्या, कीं फुलें फळ न धरतां गळून पडतात. एप्रिलांत आमच्याकडे पारा ४० च्या पलीकडे जातो. एका बाजूला थंडी, दुसऱ्या बाजूला ऊन, आणि मधल्या अरुंद वाटेनें शेतकऱ्याला जावयाचें असतें. त्या वाटेवरचा एकेक दिवस मोलाचा.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं दहाव्या दिवशीं वाफा मोडला. बियाणेंच खोटें, असें म्हणून त्यांनीं फावडें घातलें. माती उलथली तेव्हां तींत दोऱ्यासारखीं पांढरीं मुळें निघालीं. आणखी दोन दिवस ते थांबते तर वाफा हिरवा झाला असता. ही गोष्ट आम्हीं पुढें पुष्कळांस सांगितली. शाळेंत मागें पडलेल्या मुलाला वर्षाच्या आंत शेळ्यांमागें पाठविणाऱ्या बापाला सांगितली. नव्या सुनेला महिनाभरांत नांवें ठेवणाऱ्या सासूलाही सांगितली. ती खरी होती व आहे. मात्र ती सांगतांना आम्हांस स्वतःविषयीं थोडें बरें वाटे, हेंही कबूल केलें पाहिजे.

गेल्या सालीं अशाच थंडींत गांवांतील एका विधवा बाईनें उधारीवर दोन पुड्या आणून वाफा टाकला. बाराव्या दिवशीं ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मोडू काय वाफा, मास्तर? घरात पऱ्हाटीचे थोडे पैसे हायेत, दुसरं बी आणतो." आम्हीं तिला पांढऱ्या मुळांची गोष्ट सांगितली व म्हटलें, "थांबा बाई, धीर धरा." आमच्या शब्दावर ती नऊ दिवस थांबली. रिकाम्या हातांनीं थांबवत नाहीं, म्हणून रोज सांजेला वाफ्यावर घागर ओतीत राहिली. एकविसाव्या दिवशीं तिनें आम्हांस बोलावून आमच्यासमोर माती उकरली. बोटांत धरलेलें बीं दाबतांच फुटलें. आंत नुसता चिकट लगदा होता. तेव्हां तिनें विचारलें, "तुमचं किती बी होतं माह्या वाफ्यात, मास्तर?"

तिच्या आवाजांत राग नव्हता. असता तर आम्हांस उत्तर देणें सोपें गेलें असतें.

काय चुकलें तें समजणें कठीण नव्हतें. आमची काळी माती पाणी धरून ठेवते. सांजेला ओतलेलें पाणी रात्रभर थंड राहतें. मातींतली हवा कोंडते, आणि ज्या गारठ्यांत बियाची वाढ मंदावते त्याच गारठ्यांत कुजविणारी बुरशी मात्र सुखानें पसरते. सकाळीं बेताचें शिंपडा, वाफा उंच करा, वाळू व कुजलेलें खत मिसळा, एवढें सांगितलें असतें तरी कदाचित् निम्में बीं वांचलें असतें. हें ज्ञान फार दूरही नव्हतें. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवाचें कृषि विद्यापीठ १९६९ सालापासून उभें आहे. तिला ज्ञान हवें होतें. आम्हीं तिला गोष्ट दिली.

पण बाईचा प्रश्न एवढ्यानें संपत नाहीं. इस्राएलांत मसादा नांवाच्या जुन्या किल्ल्याच्या उत्खननांत खजुराच्या आठळ्या मिळाल्या होत्या. त्यांतली सुमारें दोन हजार वर्षांची एक आठळी २००५ सालीं पेरली, ती रुजली. धीराचें ह्याहून मोठें उदाहरण शोधूनही सांपडणार नाहीं, असें आम्हांस पूर्वीं वाटे. आतां त्यांतला दुसरा भाग दिसतो. ती आठळी वाळवंटांत कोरडी पडून होती. कोरड्या बियाला थांबतां येतें, कारण त्याचा कांहीं खर्चच चालू नसतो. एकदां तें भिजलें, कीं आंतली शिदोरी सुटते. मग त्याला मागें फिरतां येत नाहीं. ठराविक दिवसांत वर यावें, नाहीं तर कुजावें, एवढेंच त्याच्यापुढें उरतें. माणसांचेंही असेंच आहे. ज्याच्या घरीं कणगी भरलेली आहे, किंवा महिन्याच्या महिन्याला पगार येतो, तो कोरडें बीं आहे. त्यानें धीर धरला तर त्यांत विशेष तें काय? उधारीची पुडी मातींत घातलेला मनुष्य भिजलेला आहे. दोघांचें थांबणें एकाच शब्दानें आपण बोलतों, आणि घोटाळा तेथेंच होतो. आम्हीं त्या बाईला कोरड्या बियाचा धीर शिकविला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांतला अंजिराच्या झाडाचा दाखला आमच्या वाचकांस ठाऊक आहे. धनी तें झाड तोडावयास सांगतो आणि माळी एका वर्षाची मुदत मागतो. हा दाखला सहनशीलतेचा म्हणून आम्हीं कितीदां तरी ऐकला व सांगितला. परंतु माळी नुसती मुदत मागत नाहीं. त्याच श्वासांत आपण भोंवतीं खणूं व खत घालूं, असें तो म्हणतो. मुदत मागणाऱ्याच्याच हातांत कुदळ आहे. वर्षानंतरही फळ न आलें तर तोडावें, हेंही तोच आपल्या तोंडानें म्हणतो. हे दोन भाग आमच्या कानांवरून इतकीं वर्षें कसे निसटले, कोण जाणे.

कोणी म्हणेल, ज्यानें खर्चाचा वांटा उचलला नाहीं त्यानें सल्लाच देऊं नये काय? मग वैद्यानें रोग्याला काय सांगावें, गुरुजींनीं मुलाच्या बापाला काय सांगावें? हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो, आणि त्याला पुरतें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. जाणत्याचें ज्ञान हाही एक वांटा आहे, एवढें आम्ही मानतों. पण मग तें पुरें द्यावें. किती दिवस थांबावें, तोंवर काय करावें, काय करूं नये, आणि कोणत्या दिवशीं आशा सोडावी, हें सर्व त्यांत आलें पाहिजे. शेवटची गोष्ट सांगण्याचें धैर्य उपदेशकांत क्वचितच असतें, कारण ती सांगितली कीं तो चुकूं शकतो.

यंदा त्या बाईनें पुन्हां वाफा केला आहे. आम्हीं तिची क्षमा मागून विचारलें, कीं अर्धें बीं आमचें चालेल काय? तिनें थोडा वेळ पाहिलें आणि "आणा" म्हणाली. बीं रात्रभर कोमट पाण्यांत भिजवून, फडक्यांत गुंडाळून दोन दिवस चुलीजवळ ठेवलें. वाफा वीतभर उंच घेतला, उत्तरेला तुराट्यांचा कूड केला, वर कुटार पसरलें. पाणी ती सकाळीं घालते, झारीनें. अठराव्या दिवसापर्यंत वाट पाहावयाची, असें दोघांनीं ठरविलें आहे. त्या दिवसासाठीं एक नवी पुडी आमच्या खर्चानें आणून डब्यांत कोरडी ठेवली आहे.

आज अकरावा दिवस. रात्रीं पुन्हां वारा सुटला होता. सकाळीं तिनें कुटार बाजूला करून पाहिलें, आम्हींही वांकून पाहिलें. एका कोपऱ्यांत मातीला केसासारखी भेग पडली आहे. ती कोंबाची आहे कीं नुसत्या वाळण्याची, ह्यावर आमचें दोघांचें एकमत झालें नाहीं.