सौरपंपाचे रिकामे महिने

भंडारा जिल्ह्यातल्या बहुतेक बांध्यांत पंप वर्षभर चालत नाही. जूनमध्ये पऱ्हे जगवायला, रोवणीच्या तोंडावर पावसाने दडी मारली तर चिखलणीला आणि ऑक्टोबरात भारी धानाचा दाणा भरत असताना शेवटच्या पाण्याला, अशी त्याची गरज मोजक्या आठवड्यांची असते. ज्यांच्याकडे भरवशाची विहीर, बोअर किंवा कालवा आहे ते उन्हाळी धान घेतात. इतरांच्या बांध्यांत नुसत्या ओलीवर लाखोळी, हरभरा, जवस होतो. सौरऊर्जेसाठी सरकार जे अनुदान देते, त्याचा हिशेब या पीकक्रमापासून सुरू व्हायला हवा. तो होतो सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापासून, आणि तिथेच पैसा चुकीच्या जागी जातो, असे माझे म्हणणे आहे.

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने पंपाच्या किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. बाकीचा भार केंद्र आणि राज्य उचलतात. अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात. हा पंप वर्षातून किती दिवस चालणार, हे त्या कोष्टकात कुठेच येत नाही. 3 अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे 3 किलोवॉटची पॅनेल लागतात. आपल्याकडच्या उन्हात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट वीज धरली, तर वर्षाची क्षमता 4,300 युनिटांच्या आसपास जाते. खरिपाच्या एका धानासाठी पंप सलग चार महिने रोज चालला असे उदारपणे मानले आणि पावसाळी आभाळही विसरलो, तरी वापर 1,400-1,500 युनिटांच्या पुढे जात नाही. हे पंप ग्रीडला जोडलेले नसतात, त्यामुळे उरलेली वीज कोणाच्याच कामी येत नाही. दहातले नऊ रुपये जनतेचे असताना दोन तृतीयांश ऊन वाया जाणे मला मान्य होत नाही.

याला पर्याय सरकारच्याच हाती आहे. 2017 साली सुरू झालेल्या आणि 2023 मध्ये नव्या रूपात आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला दिवसा मिळते. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला 2024 मध्ये असा 3 मेगावॉटचा प्रकल्प सुरूही झाला. शेतात गरज नसेल तेव्हा तीच वीज ग्रीडमधून गावातल्या घरांना, तुमसरच्या राइस मिलना जाते. पंपांसाठी दिवसाची वीज ही भंडाऱ्यात चैन नाही. कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिराच्या कडेच्या गावांत, पवनीच्या जंगलपट्ट्यात रात्रीच्या पाळीला पाणी धरायला जाणे म्हणजे वाघ-बिबट्या-रानडुकरांच्या वाटेवर उभे राहणे.

यावर पहिला आक्षेप जमिनीचा, आणि तो भक्कम आहे. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. पूर्व विदर्भात सरकारी म्हणून दिसणारी बरीच जमीन झुडपी जंगल म्हणून नोंदलेली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात ती वन संवर्धन कायद्याखाली वनच मानली. म्हणजे ती सहज मिळणार नाही. मालगुजारी तलावांवर तरंगती पॅनेल टाकण्याचा विचार मला नकोसा वाटतो. त्या पाण्यावर ढिवरांच्या मच्छीमार सोसायट्या जगतात. उरते खासगी पडीक जमीन. तिला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ, असा योजनेचा दर आहे. कोरडवाहू, उंचवट्याच्या मुरमाड तुकड्याला इतके उत्पन्न कुठलेच पीक देत नाही. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीलाही तीन वर्षांत 15 लाख रुपयांचे अनुदान आहे. सखल, पाणथळ बांधी मात्र या कामी कधीच देऊ नये.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या अनुभवातून येतो: फीडर म्हणजे पुन्हा महावितरण, जळालेले रोहित्र, तुटलेली तार, सौरपंप निदान आपला असतो. हे दुःख खरे आहे. पण एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य भरते, त्यासाठी वर्षाला 14,760 कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली. सौर वाहिनीची वीज युनिटला सुमारे तीन रुपयांना मिळते, म्हणून हा बोजा उतरत जाईल. वाचलेला पैसा रोहित्र आणि तारांच्या दुरुस्तीला बांधून दिला, तर आक्षेपाचे मूळच कापले जाते. अनुदान शेतात पंप बसल्याच्या फोटोवर नव्हे, फीडरवर दिवसा किती तास वीज आली यावर मोजावे.

जिथे तार पोहोचत नाही किंवा बारमाही भाजीपाला, मिरची होते, तिथे स्वतंत्र सौरपंपच योग्य. आणि जे पंप आधीच बसले आहेत, त्यांचे काय? पीएम-कुसुमच्या नियमांत पंपाच्या पॅनेलवर चक्की किंवा कडबाकुट्टी चालवू देणाऱ्या कंट्रोलरची सोय आहे. भंडाऱ्यासारख्या धानपट्ट्यात तो ऐच्छिक न ठेवता अनुदानाच्या किमतीतच धरावा, आणि जुन्या पंपांना तो लावून देण्यासाठी जिल्हा नियोजन समितीने येत्या आराखड्यात वेगळी रक्कम ठेवावी.